उन्हाळी शिबिरातल्या मुलांना खेळानंतर सुगंधी दूध द्यावे की फळांचा रस?

वसंतविहारकर, ठाणे

आमच्या गृहसंकुलात एप्रिल-मे महिन्यांत मुलांसाठी सकाळचे क्रीडाशिबिर भरते. सहा ते चौदा वर्षांची मुले सात ते नऊ या वेळेत बॅडमिंटन आणि फुटबॉल खेळतात आणि घरी जाण्यापूर्वी त्यांना काहीतरी पेय देण्याची पद्धत आहे. आतापर्यंत लिंबू सरबत दिले जात असे. यंदा समितीच्या बैठकीत काही पालकांनी असे सुचवले की, शुल्क घेतोच आहोत तर सरबताऐवजी काहीतरी पौष्टिक द्यावे, आणि पौष्टिक म्हणजे काय यावरून अपेक्षेप्रमाणे दोन तट पडले. एका गटाच्या मते फळांच्या रसाचे २०० मिलीचे खोके द्यावे, कारण फळ हे नैसर्गिक आहे आणि उन्हात दूध कोणी पीत नाही. दुसऱ्या गटाला सुगंधी दुधाच्या बाटल्या हव्या आहेत, कारण वाढत्या वयात दुधाला पर्याय नाही असे त्यांचे म्हणणे आहे.

दोन्हींची किंमत आमच्या अंदाजपत्रकात बसते, त्यामुळे पैशांचा प्रश्न नाही. मला हवी आहे ती तुलना: सारख्याच मापाच्या दुधात आणि रसात प्रथिने, कॅल्शियम, जीवनसत्त्वे आणि साखर प्रत्यक्षात किती असते, घाम गाळून आलेल्या मुलाला त्यांपैकी कशाचा जास्त उपयोग होतो, आणि खोक्याऐवजी जवळच्या रसाच्या दुकानातून ताजा रस मागवल्यास उत्तर बदलते का? 'आमच्या लहानपणी' या शब्दांनी सुरू होणारी मते बैठकीत भरपूर ऐकून झाली आहेत, म्हणून ज्यांना या विषयाची माहिती आहे त्यांनी आकड्यांसह लिहावे, ही विनंती.

आहारविचार, वाशी

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हा प्रश्न माझ्याकडे येणारे पालक वेगवेगळ्या रूपांत नेहमी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण २०० मिलीचा ग्लास हेच माप धरू. साध्या टोन्ड दुधाच्या एका ग्लासातून साधारण १२० कॅलरी मिळतात. त्यात सहा ते साडेसहा ग्रॅम प्रथिने, सहा ग्रॅम स्निग्धांश, नऊ ते दहा ग्रॅम दुग्धशर्करा आणि सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. संत्र्याच्या बिनसाखरेच्या रसाच्या तेवढ्याच ग्लासातून सुमारे ९० कॅलरी मिळतात, परंतु त्या जवळजवळ सगळ्या साखरेच्या असतात: १७ ते २० ग्रॅम साखर, प्रथिने जेमतेम दीड ग्रॅम, स्निग्धांश नगण्य आणि कॅल्शियम २० मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे नुसत्या कॅलरी पाहिल्या तर दोन्ही पेये फार लांब नाहीत, आणि 'रस हलका, दूध जड' हा समज तिथेच थोडा डळमळतो. फरक आहे तो त्या कॅलरींबरोबर आणखी काय येते याचा.

रसाची बाजू जिथे भक्कम आहे ते आधी सांगते. ताज्या संत्र्याच्या रसाच्या एका ग्लासात ६० ते १०० मिलिग्रॅम जीवनसत्त्व क असते, ज्यात शाळकरी मुलाची दिवसाची गरज भागून जाते. दुधात हे जीवनसत्त्व नावापुरतेच असते आणि उकळल्यावर तेही राहत नाही. पोटॅशियम आणि फोलेट या दोन बाबतींतही संत्र्याचा रस दुधापेक्षा सरस आहे. मात्र हे सगळे संत्र्याच्या रसाविषयी झाले. सफरचंदाच्या किंवा द्राक्षाच्या रसात, वरून जीवनसत्त्व क घातलेले नसेल तर, ते फारच कमी असते, म्हणून 'फळांचा रस' असे सरसकट म्हणून चालत नाही.

दुधाची बाजू कॅल्शियम, प्रथिने, रायबोफ्लेविन आणि जीवनसत्त्व ब१२ यांची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला रोज ६५० मिलिग्रॅम आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलाला ८५० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. एका ग्लास दुधातून पहिल्याच्या गरजेचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक आणि दुसऱ्याच्या गरजेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग मिळतो. हेच कॅल्शियम संत्र्याच्या रसातून मिळवायचे ठरवले तर दहा-बारा ग्लास प्यावे लागतील. ब१२ विषयी तर शाकाहारी घरांनी अधिकच जागरूक असायला हवे, कारण वनस्पतिजन्य आहारात ते नैसर्गिकरीत्या मिळत नाही आणि अशा घरातल्या मुलांचा सारा भार दूध, दही, ताक आणि पनीर यांच्यावरच असतो.

आता साखर. दुधातही साखर आहेच की, असा प्रतिवाद तुमच्या बैठकीत कोणीतरी करील, म्हणून हा मुद्दा नीट मांडते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मुक्त शर्करेविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. मुक्त शर्करा म्हणजे खाद्यपदार्थात वरून घातलेली साखर, तसेच मध, पाक आणि फळांच्या रसातील साखर. अख्ख्या फळातली साखर आणि दुधातली दुग्धशर्करा या हिशेबात धरलेली नाही. फळ चावून खाताना त्याची साखर पेशींच्या आवरणात आणि तंतूंमध्ये अडकलेली असते, त्यामुळे ती हळूहळू मोकळी होते आणि पोटही भरते. रस काढून गाळला की ते कुंपण मोडते. दुग्धशर्करा प्रथिने आणि स्निग्धांश यांच्यासोबत पोटात जाते, शिवाय मुळात ती कमी गोड असते. संघटनेच्या मते मुक्त शर्करेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी आणि शक्यतो पाच टक्क्यांखाली आणावी. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला रोज साधारण १,७०० कॅलरी लागतात असे धरले, तर दहा टक्क्यांची मर्यादा सुमारे ४२ ग्रॅम आणि पाच टक्क्यांची २१ ग्रॅम होते. तुमच्या शिबिरातले एक खोके सकाळी नऊ वाजताच पहिल्या मर्यादेचा अर्धा भाग आणि दुसरी जवळपास पूर्णच वापरून टाकते, आणि अजून दिवसभराची बिस्किटे, जाम आणि आइसक्रीम यायची असतात.

याचा अर्थ रस विष आहे असा मुळीच नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१९ च्या सूचनांमध्ये दोन वर्षांखालील बाळांना रस देऊच नये, दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला १२५ मिली आणि त्यापुढच्या मुलांना २५० मिलीपर्यंतच द्यावा असे म्हटले आहे. म्हणजे तुमच्या वयोगटाला २०० मिली चालते, पण मग त्या दिवशीचा कोटा संपला असे समजायचे.

वसंतविहारकर, ठाणे

मनःपूर्वक आभार, ताई. हा हिशेब मी जसाच्या तसा समितीपुढे ठेवीन. एक शंका राहिली. आमच्याकडे ज्या खोक्यांचे दरपत्रक आले आहे, त्यांपैकी आंब्याच्या पेयावर कुठेही 'रस' असा शब्द नाही, नुसते 'फळपेय' असे आहे. दुसऱ्यावर 'संहत रसापासून पुनर्निर्मित' असे लिहिलेले आहे. हे सगळे एकच का?

आहारविचार, वाशी

एकच नाही, आणि खरेदीपूर्वी हे तुम्ही पाहिलेत हे फार चांगले झाले. फळपेयामध्ये फळाचा अंश किमान दहा टक्के असला तरी आपल्याकडच्या नियमानुसार ते चालते, लिंबाच्या बाबतीत तर पाच टक्केही पुरतात. उरलेल्यात प्रामुख्याने पाणी आणि साखर असते. मी वर दिलेले जीवनसत्त्वाचे आकडे त्याला लागू पडत नाहीत, साखरेचे मात्र पडतात, कित्येकदा थोडे वाढूनच. पुनर्निर्मित रस म्हणजे रसातले पाणी काढून घट्ट केलेला आणि पुन्हा पाणी मिसळून भरलेला रस. तो फळपेयापेक्षा निश्चितच बरा. मात्र अशा रसावर 'शंभर टक्के फळांचा रस' असा दावा छापू नये आणि जाहिरातीतही करू नये, असा आदेश भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढला. खोक्याच्या मागच्या बाजूला एकूण साखर आणि वरून घातलेली साखर असे दोन वेगळे आकडे छापलेले असतात. पुढच्या बाजूच्या आंब्याच्या चित्रापेक्षा ते अधिक विश्वासार्ह आहेत.

निवृत्त दुग्धतंत्रज्ञ, कोपरखैरणे

आहारविचार यांनी दुधाची जी बाजू मांडली ती योग्यच आहे, परंतु त्यांचे आकडे साध्या टोन्ड दुधाचे आहेत आणि तुमच्या दरपत्रकात आहे ते सुगंधी दूध. या दोहोंत गल्लत होऊ नये म्हणून लिहितो. माझी सगळी नोकरी दुग्धशाळेत गेली, त्यामुळे दुधाविषयी मला पक्षपात आहे हे आधीच नोंदवून ठेवतो.

सुगंधी दुधातही साखर मिसळलेली असते, आणि ती थोडी नसते. पडताळणी सोपी आहे. बाटलीवर दर १०० मिलीला एकूण साखर किती ते पाहावे आणि त्यातून दुग्धशर्करेचे साधारण पाच ग्रॅम वजा करावेत. उरते ती कारखान्यात घातलेली साखर. २०० मिलीच्या बाटलीसाठी तिची दुप्पट करून ती रसाच्या खोक्यातील साखरेशेजारी लिहून पाहा. बहुतेक वेळा रसाचा आकडा मोठा येईल, पण सुगंधी दुधाच्या समर्थकांना वाटते तितका तो मोठा नसेल. कॅल्शियम आणि प्रथिने मात्र बाटलीत शाबूत असतात, म्हणून या दोन खोक्या-बाटल्यांतच निवड करायची असेल तर मी बाटलीकडे झुकेन. साधे टोन्ड दूध वेलची घालून, नाममात्र साखर टाकून आणि थंड करून देता आले तर त्याला तोड नाही.

कोणते दूध, हाही प्रश्न येईलच. प्रमाणित मानकांप्रमाणे टोन्ड दुधात तीन टक्के स्निग्धांश असतो, डबल टोन्डमध्ये दीड टक्का आणि फुल क्रीममध्ये सहा टक्के. फुल क्रीम दुधात 'ताकद' अधिक असते अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. त्यात कॅलरी अधिक असतात हे खरे, परंतु कॅल्शियम आणि प्रथिने ही सायीत नसून खालच्या दुधात असतात, म्हणून साय काढल्याने त्यांचे नुकसान होत नाही. डबल टोन्ड दुधात तर स्निग्धांशविरहित घनपदार्थ टोन्डपेक्षा थोडे अधिक, म्हणजे साडेआठऐवजी नऊ टक्के असावे लागतात. टोन्ड दुधाची कल्पना मुंबईचीच आहे, हे ठाण्याच्या वाचकांना कदाचित आवडेल. म्हशीच्या दुधात स्निग्धांश भरपूर असल्यामुळे त्यात पाणी आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून, प्रथिनांचे प्रमाण न घटवता, अधिक लोकांना परवडेल असे दूध तयार करण्याची पद्धत दारा खुरोडी यांनी चाळीसच्या दशकात येथे राबवली. पुढे १९६३ साली वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. असो, विषयांतर झाले.

उन्हात दूध फाटेल या भीतीबद्दल. निर्जंतुक करून बाटलीत भरलेले सुगंधी दूध झाकण उघडेपर्यंत खोलीच्या तापमानाला टिकते, तसा उल्लेख लेबलवर असतो. पिशवीतले पाश्चराइज्ड दूध मात्र पाच अंशांखालीच ठेवावे लागते. सकाळी पाचला आलेल्या पिशव्या नऊपर्यंत क्लबहाउसच्या ओट्यावर राहणार असतील तर तो विचार सोडून द्यावा. आणि पोटात जाऊन आंबट फळाबरोबर दूध नासते, असे म्हणणारेही कोणीतरी भेटतील. आयुर्वेदात दूध आणि आंबट फळे एकत्र घेणे विरुद्ध मानले आहे आणि ज्यांना ते पाळायचे आहे त्यांनी जरूर पाळावे, परंतु जठरातल्या आम्लामुळे दूध तसेही घट्ट होतेच. पचनाची ती पहिली पायरी आहे.

कळव्याची आई

वरची सगळी चर्चा वाचली. माझी विनंती एवढीच आहे की, सगळ्या मुलांना एकच पेय असा निर्णय कृपया घेऊ नका. माझ्या मुलाला दुधाने पोट फुगते आणि दुखते. तो आळशीपणाने किंवा लाडाने दूध टाळत नाही. शाळेच्या सहलीत 'अरे, दूध प्यायलास तरच ताकद येईल' असे म्हणून त्याला आग्रहाने दूध पाजले गेले आणि परतीच्या बसमध्ये त्याचे जे हाल झाले ते मी विसरलेले नाही. अशा मुलांसाठी काय ठेवावे, आणि त्यांना कॅल्शियम कुठून मिळावे?

आहारविचार, वाशी

ताई, तुमचे म्हणणे अगदी रास्त आहे आणि ते मी पहिल्याच उत्तरात लिहायला हवे होते इतके ते महत्त्वाचे आहे. दुग्धशर्करा पचवणारे विकर (एन्झाइम) वय वाढते तसे अनेक भारतीयांमध्ये कमी होत जाते. त्यामुळे रिकाम्या पोटी प्यायलेले थंड दूध काहींना त्रास देते. अशी बरीच मुले दही सहज पचवतात, कारण विरजणातले जिवाणू दुग्धशर्करेचा काही भाग आधीच वापरून टाकतात. म्हणून बाटलीशेजारी ताकाचा पर्याय ठेवावा, असे मी सुचवीन.

मात्र ताकाचाही हिशेब प्रामाणिकपणे करायला हवा. एक वाटी दह्यात दोन वाट्या पाणी घालून घुसळलेल्या ताकाच्या २०० मिलीच्या ग्लासात प्रथिने जेमतेम दोन ग्रॅम आणि कॅल्शियम ८० मिलिग्रॅमच्या आसपास राहते. उन्हासाठी ते उत्तम पेय आहे, मीठ-जिऱ्यामुळे घामातून गेलेले सोडियमही थोडेफार भरून निघते, पण ते दुधाची जागा भरून काढत नाही. दूध अजिबात न चालणाऱ्या मुलांसाठी नाचणी हा आपल्याकडचा मोठा आधार आहे. तिच्या १०० ग्रॅम पिठात ३४० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. दह्याच्या निवळीत किंवा ताकात शिजवलेली नाचणीची आंबील मुलांना आवडतेही. एका ग्लासात पीठ वीस ग्रॅमच पडते हे लक्षात घेता त्यातून ७० मिलिग्रॅमच्या आसपास मिळेल, आणि धान्यातल्या फायटेट या नैसर्गिक घटकामुळे शोषण थोडे कमी होईल. घरी तीळ, पालेभाज्या, आणि मासे खाणाऱ्यांकडे काट्यासकट खाल्ले जाणारे बारीक मासे यांनी ती तूट भरता येते.

एक गोष्ट समितीने विसरू नये. दुग्धशर्करा न पचणे आणि दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी या दोन अगदी वेगळ्या बाबी आहेत. पहिलीत पोट बिघडते, तर दुसरीत अंगावर पित्त उठण्यापासून श्वास अडकण्यापर्यंत काहीही होऊ शकते आणि अशा मुलाला ताकही चालत नाही. नावनोंदणीच्या अर्जात यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा.

ऐरोलीचा फळविक्रेता

माझा फळांचा व्यवसाय आहे आणि माल मी तुर्भ्याच्या घाऊक बाजारातून उचलतो, तेव्हा ताज्या रसाविषयीच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून घ्या. शिबिर एप्रिल-मे मध्ये आहे. नागपुरी संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो आणि एप्रिलमध्ये चांगले संत्रे शोधावे लागते. म्हणून त्या दिवसांत दुकानात मिळणारा रस बहुधा मोसंबीचा, कलिंगडाचा किंवा अननसाचा असेल. मोसंबीच्या एका ग्लासासाठी आकारानुसार तीन-चार फळे लागतात. ती सोलून मुलासमोर ठेवली तर तो दुसऱ्या फळानंतर हात आखडता घेईल, पण ग्लास मात्र अर्ध्या मिनिटात रिकामा करील. वर ताईंनी सांगितलेल्या कुंपणाचा अर्थ आम्हाला गल्ल्यावर बसून रोज दिसतो.

दुकानातून रस मागवायचा असेल तर साखरेचा पाक आणि बर्फ घालू नका असे स्पष्ट सांगावे लागते, कारण न सांगता दोन्ही पडतात. बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. आपल्या राज्यात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम आहे, म्हणून निळसर बर्फ दिसला तर दुकानातून बाहेर पडावे. रस काढून तास-दोन तास पिंपात राहिला तर त्यातले जीवनसत्त्व घटते ते वेगळेच, उष्म्याने तो आंबूही लागतो. साठ-सत्तर मुलांसाठी आठ वाजता काढलेला रस नऊ वाजता वाटणे हे मला स्वतःला धोक्याचे वाटते.

माझा सल्ला, धंद्याचा म्हणा हवे तर, असा आहे की फळ कापून द्या. एप्रिलमध्ये कलिंगड स्वस्त असते आणि त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, त्यामुळे तहानही भागते. केळे तर कापावेही लागत नाही, धुण्याची कटकट नाही आणि मुलांच्या हातात मावते.

निवृत्त दुग्धतंत्रज्ञ, कोपरखैरणे

कलिंगडाच्या सूचनेला माझे अनुमोदन. घाम गाळलेल्या मुलाला काय उपयोगी, या मूळ प्रश्नातल्या भागाचे उत्तर अजून कोणी नीट दिलेले नाही, म्हणून दोन वाक्ये जोडतो. सर्वांत आधी पाणी, आणि तेही खेळ सुरू असताना. पेयवाटपाची वाट पाहत मुलांना ताटकळत ठेवू नये. त्यानंतरच्या पेयाचा विचार केला तर दूध शरीरात पाणी बऱ्यापैकी धरून ठेवते, कारण त्यात दर १०० मिलीला ४० ते ५० मिलिग्रॅम सोडियम असते, संत्र्याच्या रसात ते जवळपास नसतेच, आणि प्रथिने व स्निग्धांश यांमुळे दूध जठरातून सावकाश पुढे सरकते. याच सावकाशपणामुळे मध्यंतरात दूध पिऊन पुन्हा धावायला गेलेल्या मुलाला मळमळते. तेव्हा दूध द्यायचे ते खेळ पूर्ण संपल्यावरच.

पाचपाखाडीकर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. चर्चा योग्य दिशेने चालली आहे, त्यामुळे राहिलेल्या दोनच गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट लोहाची. दूध चांगले म्हणून दिवसाला लिटरभर दूध पिणारी आणि जेवणाला तोंड न लावणारी मुले माझ्याकडे येतात, आणि त्यांच्यात रक्तक्षय वारंवार आढळतो. दुधात लोह अत्यल्प असते आणि त्यातले कॅल्शियम व केसीन हे प्रथिन इतर अन्नातल्या लोहाचे शोषणही मंदावतात. जीवनसत्त्व क नेमके उलटे काम करते, ते वनस्पतिजन्य लोहाचे शोषण वाढवते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहार मार्गदर्शनात प्रौढांच्या दिवसाच्या ताटात दूध किंवा दही मिळून ३०० मिली धरले आहे. मुलांसाठीही चारशे-पाचशे मिलीच्या पुढे जाण्याचे सहसा कारण नसते. शिबिरानंतर मुले घरी जाऊन कांदेपोहे किंवा उपमा खाणार असतील, तर त्यावर लिंबू पिळावे आणि दूध व न्याहारी यांत तासाभराचे अंतर ठेवावे. म्हणजे दोन्हींचे गुण एकमेकांच्या आड येत नाहीत. माझे मत विचाराल तर या वादात रसाच्या बाजूचा जो काही गुण आहे, तो अर्ध्या लिंबाने आणि एखाद्या फळाने मिळून जातो. दुधाचा गुण मात्र इतक्या सहजपणे दुसरीकडून मिळत नाही.

दुसरी गोष्ट अपवादाची आहे आणि तिच्यासाठी रसाची चार-पाच खोकी शिबिरात अवश्य ठेवावीत. टाइप १ मधुमेह असलेले एखादे मूल शिबिरात असू शकते. इन्सुलिन घेऊन तासभर धावल्यावर अशा मुलाची रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ शकते. थरथर, घाम, चिडचिड, गोंधळलेपण ही तिची लक्षणे. त्या वेळी दूध उपयोगाचे नाही, कारण स्निग्धांश आणि प्रथिने यांमुळे साखर रक्तात पोहोचायला उशीर लागतो. तिथे रसच हवा, आणि तोही साखर असलेला. साधारण पंधरा ग्रॅम साखर मिळेल इतका, म्हणजे १०० ते १५० मिली रस पाजावा, लहान मुलासाठी त्याच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेले कमी प्रमाण पाळावे, आणि पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर पुन्हा तपासावे. मूल बेशुद्ध असेल किंवा त्याला गिळता येत नसेल तर तोंडात काहीही ओतू नये, त्याला थेट रुग्णालयात न्यावे.

वसंतविहारकर, ठाणे

सर्वांचे आभार. रविवारच्या बैठकीत मी असा प्रस्ताव ठेवणार आहे: सोमवार ते शुक्रवार वेलचीचे कमी साखरेचे थंड दूध, ज्यांना ते चालत नाही त्यांना ताक, सोबत केळे किंवा कलिंगडाची फोड, आणि शनिवारी आंबील. दूध क्लबहाउसच्या शीतकपाटात राहील आणि खेळ संपल्यावरच बाहेर काढले जाईल. अर्जात ॲलर्जी आणि मधुमेह यांचे रकाने आजच वाढवले आहेत. डॉक्टरसाहेब, ती रसाची खोकी कार्यालयात ठेवली तर चालतील का? मैदानापासून ते दोन मिनिटांवर आहे.

पाचपाखाडीकर

कार्यालयात नको, कारण सकाळी सातला ते बहुधा कुलूपबंद असते. प्रशिक्षकाच्या प्रथमोपचार पेटीत ठेवा, पेटी मैदानावरच राहू द्या आणि खोक्यांवरची मुदत दर आठवड्याला पाहा. 'साखरविरहित' असे लिहिलेली खोकी चुकूनही घेऊ नका. शिबिराच्या पहिल्या दिवशी त्या मुलाच्या आई-वडिलांना प्रशिक्षकाशी पाच मिनिटे बोलायला सांगा.